दत्तक गेलेला महोत्सव

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. ‘साबर बोंडं’ त्या दिवशी आपल्याकडच्या थिएटरांत लागला. दुपारच्या खेळाला आम्ही जेमतेम पंधरा-वीस जण होतो. खेळ सुटल्यावर बाहेर पोस्टरपाशी एक वयस्कर गृहस्थ थांबलेले दिसले. चष्मा वर करून ते पोस्टरवरची बारीक अक्षरं वाचत होते. मला थांबवून त्यांनी विचारलं, “हे सनडान्स म्हणजे काय हो? गावाचं नाव की माणसाचं?”

मी म्हटलं, “अमेरिकेतला सिनेमाचा महोत्सव आहे, काका. तिथं याला पहिलं बक्षीस मिळालं.”

“मराठी सिनेमाला?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, तशी त्यांनी समाधानाने मान हलवली.

उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं आणि घरी येईपर्यंत ते मला टोचत राहिलं. त्याच आठवड्यात, मंगळवारी, यूटाच्या डोंगरातल्या आपल्या घरी हॉलिवूडचे नट रॉबर्ट रेडफर्ड वारले होते. वय ८९. ज्यांनी तो महोत्सव वाढवला ते गेले आणि तीन दिवसांनी त्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला मराठी सिनेमा आपल्या गावात लागला. शिवाय काकांनी प्रश्न विचारताना नेमकी मेख पकडली होती. सनडान्स हे गावाचं नाव आहे, माणसाचंही आहे. त्याआधी ते डोंगराचं आहे आणि त्याच्याही आधी एका व्रताचं.

आधी नावाबद्दलच सांगतो. अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ पठारांवर राहणाऱ्या लकोटा, शायान, अरापाहो अशा जमाती उन्हाळ्यात एकत्र येऊन सूर्यनृत्य करत. यात उपास, नवस आणि कित्येक तास चाललेला नाच असे. काही जमातींत छातीच्या कातडीत टोचणी घालून घेत. बगाडाच्या जत्रेत पूर्वी पाठीत गळ टोचून घेणारी माणसं ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिली, त्यांना हे परकं वाटू नये. आपल्या गोतासाठी स्वतःच्या देहावर क्लेश घेणं, हा त्या व्रताचा गाभा. वायोमिंगच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका डोंगरावर लकोटा हे व्रत करत. गोऱ्यांनी त्या डोंगराला सनडान्स म्हटलं आणि पायथ्याला वसवलेल्या गावालाही तेच नाव दिलं. १८८७ मध्ये हॅरी लाँगाबॉ नावाच्या तरुणाने त्या भागातल्या एका रँचवरून घोडा पळवला आणि त्याला सनडान्सच्या तुरुंगात सुमारे दीड वर्ष काढावं लागलं. सुटल्यावर त्या गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे तो बुच कॅसिडीच्या दरोडेखोर टोळीत सामील झाला. १९६९ मध्ये या दोघांवर सिनेमा आला, ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’. त्यातला किड रेडफर्डनी केला आणि ते रातोरात जगभर पोचले. यूटातल्या प्रोव्हो खोऱ्यात, टिंपॅनोगस डोंगराच्या उतारावर त्यांनी १९६१ मध्ये पाचशे डॉलरला दोन एकर जमीन घेऊन लाकडी घर बांधलं होतं. साठचं दशक संपता संपता शेजारचं एक छोटं स्कीचं केंद्रही त्यांनी विकत घेतलं आणि त्याला आपल्या भूमिकेचं नाव दिलं.

व्रत, डोंगर, गाव, घोडाचोर, सिनेमा, जमीन. नाव असं हातोहात पुढे सरकत आलं. पण ज्यांचं ते मूळ व्रत, त्यांच्याकडून मात्र ते हिरावलं गेलं होतं. १८८३ मध्ये अमेरिकन सरकारने आदिवासींसाठी केलेल्या नियमांनी सूर्यनृत्य हा शिक्षेला पात्र गुन्हा ठरवला. १९३४ नंतर बंदी सैल झाली, पण आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्याला संरक्षण देणारा कायदा व्हायला १९७८ चा ऑगस्ट उजाडावा लागला. आणि पुढे सनडान्स म्हणून ओळखला गेलेला महोत्सव भरला तोही १९७८ मध्येच. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी एकाच वर्षी व्रत आपल्या माणसांकडे परतलं आणि महोत्सव जन्मला, हे लक्षात आल्यापासून मला ते वर्ष या कहाणीतून वेगळं काढता येत नाही.

जन्मला तेव्हा त्याचं नाव सनडान्स नव्हतं. ‘यूटा-यूएस फिल्म फेस्टिव्हल’ असं सरकारी थाटाचं नाव होतं आणि भरला तो सॉल्ट लेक सिटीत. जन्म देणारं घर म्हणजे यूटा राज्याचं फिल्म कमिशन. तिथले जॉन अर्ल आणि रेडफर्ड यांच्या चित्रसंस्थेचे स्टर्लिंग व्हॅन वॅगेनन यांनी पुढाकार घेतला, रेडफर्ड अध्यक्ष झाले. हेतू उघड होता. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी यूटात यावं, इथले डोंगर, वाळवंट, मिठागरं पाहावीत आणि चित्रीकरणाचा पैसा इथे खर्च करावा. त्यासाठी ‘मिडनाइट काउबॉय’, ‘मीन स्ट्रीट्स’, ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ असे गाजलेले जुने सिनेमे दाखवले गेले, चर्चा झाल्या. यांच्या जोडीला एक छोटी स्पर्धा होती, हॉलिवूडबाहेर तुटपुंज्या पैशात केलेल्या सिनेमांसाठी. त्या वर्षी स्पर्धेचं बक्षीस क्लॉडिया वाइलच्या ‘गर्लफ्रेंड्स’ला मिळालं. न्यूयॉर्कमधली एक तरुण छायाचित्रकार, एकत्र राहणारी मैत्रीण लग्न करून गेल्यावर एकटी पडते आणि हळूहळू आपल्या पायावर उभी राहते, एवढीच गोष्ट. जत्रेच्या कडेला मांडलेला हा स्पर्धेचा पाट पुढे सगळी जत्रा गिळणार होता, पण त्या वर्षी तो कडेलाच होता.

पैशाची ओढाताण पहिल्या वर्षापासून होती. मग सिडनी पोलॅक या दिग्दर्शकाने एक साधी व्यवहाराची गोष्ट सुचवली. उन्हाळ्याअखेर सॉल्ट लेकला कोण येणार? महोत्सव भर हिवाळ्यात, स्कीच्या गावात भरवा, हॉलिवूड आपोआप येईल. १९८१ च्या जानेवारीत महोत्सव पार्क सिटीला गेला.

पार्क सिटीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण महोत्सवाचा स्वभाव या गावाने घडवला. समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फुटांवरचं हे चांदीच्या खाणींचं गाव. एकोणिसाव्या शतकात इथे चांदी सापडली, गाव फुगलं, विसाव्या शतकाच्या मध्यावर चांदीचा भाव पडला आणि गाव ओस पडायला लागलं. तेव्हा खाण कंपनीनेच १९६३ मध्ये डोंगरावर स्कीचं केंद्र काढलं. सुरुवातीच्या वर्षांत तर स्की करायला आलेल्यांना खाणकामगारांच्या रेल्वेत बसवून बोगद्यातून डोंगराच्या पोटात नेत आणि कामगारांना वर-खाली करणाऱ्या पाळण्यातून थेट उतारावर बाहेर काढत. जिथून चांदी वर यायची, तिथून सुट्टीवरची माणसं वर यायला लागली. गावच्या मुख्य रस्त्यावर ‘इजिप्शियन’ नावाचं थिएटर आहे, १९२६ च्या नाताळात उघडलेलं. त्याच जागेवर आधी ड्यूई नावाचं थिएटर होतं, ते १९१६ मध्ये छतावरच्या बर्फाच्या भाराने कोसळलं. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर अमेरिकेला इजिप्तचं वेड लागलं होतं, त्या वेडातून खाणकामगारांच्या गावात कमळाच्या खांबांचं थिएटर उभं राहिलं. महोत्सवाचं सगळ्यांत ओळखीचं छायाचित्र म्हणजे बर्फाने पांढऱ्या झालेल्या चढावरची ‘इजिप्शियन’ची पाटी.

पण एवढ्याशा गावात थिएटरं असणार तरी किती? म्हणून हायस्कूलचं सभागृह, सार्वजनिक वाचनालयाचा हॉल, यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, टेनिसचा बंदिस्त क्लब, जिथे पडदा टांगता येईल तिथे खेळ. तिकीट न मिळालेली माणसं गोठणबिंदूखालच्या थंडीत प्रतीक्षायादीच्या रांगेत उभी. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणाऱ्या फुकट बसमध्ये दिग्दर्शक, वितरक, विद्यार्थी, सगळे जाड कोटांत कोंबलेले. शाळेच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर सोळा एमएमचा सिनेमा पाहिलेल्या माझ्या पिढीला या वर्णनात घरचं काहीतरी लागतं.

आता दत्तकविधान. त्याच १९८१ मध्ये, पण पार्क सिटीच्या जत्रेपासून दूर, आपल्या प्रोव्हो खोऱ्यातल्या जमिनीवर रेडफर्डनी ‘सनडान्स इन्स्टिट्यूट’ काढली आणि जून महिन्यात तिथे पहिली कार्यशाळा भरवली. तिला ते लोक ‘लॅब’ म्हणतात, मला तालीम हा शब्द जास्त बरोबर वाटतो, पैलवानांची असते त्या अर्थाने. नवखे दिग्दर्शक निवडायचे, त्यांच्या संहिता घ्यायच्या, अनुभवी लेखक-दिग्दर्शक-छायालेखक त्यांच्यासोबत राहायला बोलवायचे आणि काही आठवडे संहितेतले अवघड प्रसंग खऱ्या नटांना घेऊन व्हिडिओवर चित्रित करायचे, संकलित करायचे, पाहायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. चित्रित केलेलं काहीही सिनेमात वापरायचं नाही. ही अट मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. सिनेमात प्रत्येक मिनिटाला पैसे जळतात, तिथे चुकायला कुणी जागा देत नाही. इथे चुकणं हेच काम होतं.

पहिल्या तालमीत ग्रेगरी नावा आणि अ‍ॅना थॉमस यांचा ‘एल नॉर्ते’ होता, ग्वाटेमालातून पळून अमेरिकेत पोचलेल्या माया आदिवासी बहीणभावांची गोष्ट. संस्थेच्या पहिल्या बैठकींपासून आदिवासी सिनेमाकारांना बोलावलेलं होतं आणि त्यांच्यासाठी वेगळा उपक्रम पुढे कायम चालू राहिला. त्यातून आलेला ‘स्मोक सिग्नल्स’ १९९८ मध्ये दाखवला गेला. दिग्दर्शक ख्रिस आयर, लेखक शर्मन अलेक्सी, प्रमुख नट सगळे आदिवासी, आणि प्रेक्षकांचा पुरस्कार त्याला मिळाला. नाव ज्यांच्याकडून आलं, त्यांचं देणं काही अंशी तरी फेडलं गेलं असं मी मानतो.

तर असं हे पोटचं मूल, तालीम. आणि तिकडे पार्क सिटीत पैशाअभावी हेलकावे खाणारा महोत्सव. १९८५ मध्ये इन्स्टिट्यूटने त्याचा कारभार आपल्याकडे घेतला. रेडफर्ड आधी फारसे उत्सुक नव्हते. त्यांना तालीम हवी होती, जत्रा नको होती. पण तालमीत घडलेला सिनेमा दाखवायचा कुठे, हा प्रश्न होताच. घरात पोटचं मूल असताना दत्तक घेतलं गेलं, आणि पुढे सगळं घर दत्तकाच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. १९९१ मध्ये महोत्सवाला सनडान्स हे नावही मिळालं, म्हणजे घराण्याचं आडनाव लागलं.

दत्तक गेलेल्या मुलात दोन्ही घरांचं राहतं. जन्मघर होतं बाहेरचा पैसा इकडे वळवू पाहणारं, दत्तकघर होतं पैशाचा विचार बाजूला ठेवून शिकवणारं. पुढच्या चाळीस वर्षांतला या महोत्सवाचा इतिहास म्हणजे या दोन घरांची ओढाताण, असं मी समजतो. सनडान्सबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक पहिल्या घराबद्दल असतं, किती लाखांना काय विकलं गेलं याबद्दल. मला दुसऱ्या घराबद्दल आस्था आहे. पण पहिलं वगळून गोष्ट सांगता येत नाही.

नव्या व्यवस्थेत पहिल्याच वर्षी कथापटांचा मोठा पुरस्कार कोएन बंधूंच्या ‘ब्लड सिंपल’ला मिळाला. खरा बदल मात्र १९८९ चा. स्टीव्हन सोडरबर्ग नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा ‘सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप’ घेऊन आला. चार माणसं, काही खोल्या, एक व्हिडिओ कॅमेरा, बरंचसं बोलणं. सुमारे बारा लाख डॉलरमध्ये केलेला. पार्क सिटीत प्रेक्षकांचा पुरस्कार, मे महिन्यात कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान, आणि मग अमेरिकेतल्या थिएटरांत जवळपास अडीच कोटी डॉलरचा धंदा. त्यानंतरच्या जानेवारीत वितरकांची चेकबुकं पार्क सिटीला आली ती कायमची. १९९३ मध्ये रॉबर्ट रॉड्रिगेझचा सात हजार डॉलरचा ‘एल मारियाची’, १९९४ मध्ये केविन स्मिथने स्वतः नोकरी करत असलेल्या दुकानात रात्री चित्रित केलेला ‘क्लर्क्स’. १९९९ मध्ये मध्यरात्रीच्या खेळाला ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ दाखवला गेला, सुमारे अकरा लाख डॉलरला विकला गेला आणि जगभरात चोवीस कोटींच्या वर कमावून बसला. जानेवारीतल्या त्या दहा दिवसांत आयुष्य पालटू शकतं, अशी समजूत जगभरच्या सिनेमावेड्या पोरांत रुजली ती या तीन-चार सिनेमांमुळे.

समजूत रुजली की गर्दी होते आणि गर्दी झाली की दार लहान पडतं. १९९५ मध्ये सनडान्सने नाकारलेल्या काही दिग्दर्शकांनी त्याच गावात, त्याच दिवसांत आपला वेगळा महोत्सव भरवला, नाव ठेवलं ‘स्लॅमडान्स’. क्रिस्टोफर नोलनचा पहिला सिनेमा ‘फॉलोइंग’ १९९९ मध्ये या दुसऱ्या दारातून आला, आणि दोनच वर्षांनी ‘मेमेंटो’ घेऊन तो पहिल्या दारातून आत गेला. घराण्याला अशी फुटून निघालेली शाखा असणं हे मला त्याच्या जिवंतपणाचंच लक्षण वाटतं.

या धामधुमीत तालमीचं काय झालं? ती चालूच होती, दर जूनमध्ये, छायाचित्रकारांच्या गर्दीशिवाय. १९९१ च्या तालमीत व्हिडिओच्या दुकानात काम केलेला एक मुलगा आला होता, क्वेंटिन टॅरँटिनो. हातात ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ची संहिता. त्याने लांबलचक, न तोडलेल्या चित्रचौकटींत प्रसंग चित्रित केले. पहिल्या तुकडीतल्या मार्गदर्शकांना ते अजिबात पटलं नाही. काही दिवसांनी मार्गदर्शकांची दुसरी तुकडी आली, तिच्यात टेरी गिलियम होते. त्यांना तेच प्रसंग आवडले आणि त्यांनी त्याला आपल्या वाटेने जायला सांगितलं. पुढच्या जानेवारीत सिनेमा पार्क सिटीच्या स्पर्धेत होता. बक्षीस एकही मिळालं नाही. महोत्सवाने त्याला हात हलवत परत पाठवलं, पण तालमीने आधीच जे द्यायचं ते दिलेलं होतं. दोन जाणत्यांनी एकाच कामाबद्दल उलट मतं दिली, तर शिकणाऱ्याला स्वतःचं मत शोधावंच लागतं. मराठी नाट्यशिबिरांत, लेखकांच्या बैठकींत ज्यांनी असे दिवस काढले आहेत, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

महोत्सव बराच काळ अमेरिकेपुरताच होता. बाहेरचे सिनेमे दाखवले जात, पण परीक्षकांनी पुरस्कार द्यायची जागतिक स्पर्धा २००५ मध्ये सुरू झाली. भारतीय सिनेमाला दार खऱ्या अर्थाने उघडलं ते त्यानंतर. अलीकडच्या वर्षांत तर आपले माहितीपट तिथे ओळीने गाजले. उत्तर प्रदेशातल्या दलित स्त्री-पत्रकारांवरचा ‘रायटिंग विथ फायर’ २०२१ मध्ये, दिल्लीत घारींवर उपचार करणाऱ्या भावांवरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ २०२२ मध्ये. आणि २०२३ मध्ये सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’, आपल्या मुंबईच्या कोळ्यांवरचा. राकेश आणि गणेश हे दोन जिवलग दोस्त. एक वाडवडिलांच्या रीतीने किनाऱ्याजवळ मासेमारी करतो. दुसरा कर्ज काढून, दिवे लावून खोल समुद्रात जातो. दोघांच्याही जाळ्यात मासळी कमीच. भरती-ओहोटीची कोळ्यांची भाषा पार्क सिटीच्या बर्फात ऐकली गेली आणि परीक्षकांनी तिला खास पुरस्कार दिला.

मग २०२५. रोहन परशुराम कानवडे मुंबईत एका खोलीच्या घरात वाढले. सिनेमाचं रीतसर शिक्षण त्यांनी कुठेही घेतलेलं नाही. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी ते गावी राहिले होते, त्या दिवसांत ‘साबर बोंडं’चं बीज आहे. सिनेमातला आनंदही असाच वडिलांच्या दहाव्यापर्यंत गावी थांबतो. पायात चप्पल नाही, नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात, आणि बालपणीचा मित्र बाळ्या हळूहळू त्याच्या जवळ येतो. पुरुषाने पुरुषावर केलेलं प्रेम, सुतकाच्या घरात, आपल्याच मराठीत, कुठेही आवाज न चढवता सांगितलेलं. जागतिक कथापटांच्या स्पर्धेत परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला.

साबरबोंडं मी खाल्लेली आहेत. आजोळी शेताच्या बांधाला फड्या निवडुंग होता. उन्हाळ्यात त्याच्या पानांच्या कडेला लालजांभळी बोंडं धरत. मोठे काटे दिसतात, त्यांचं भय नाही. भय असतं ते बोंडावरच्या केसांसारख्या कुसळांचं. मामा बेचक्याच्या काठीने बोंड पाडायचा आणि ओरडायचा, “हात लावू नको रे, आधी मातीत घोळ!” आम्ही चपलेखाली घेऊन बोंड मातीत गोल गोल फिरवायचो, कुसळं झडायची, मग वरचं साल काढून आत गडद रंगाचा गर आणि दाताखाली येणाऱ्या टणक बिया. ओठ, जीभ, सदरा सगळं रंगायचं. एखादं कुसळ तरीही जिभेला लागायचंच आणि दिवसभर टोचायचं.

हे निवडुंग मूळचं आपलं नाही, हे मला खूप उशिरा कळलं. ते अमेरिका खंडातलं. त्याच्या जातीतली काही ठेंगणी, थंडी सोसणारी निवडुंगं यूटातही रानात उगवतात. तिकडून कधीतरी आपल्या बांधावर आलेलं झाड, त्याच्या फळाचं आपण ठेवलेलं नाव, आणि ते नाव घेऊन परत तिकडे गेलेला सिनेमा. महोत्सवाच्या नावाने जसा प्रवास केला तसाच या फळाने केला, फक्त उलट दिशेने.

आता महोत्सव पुन्हा घर बदलतो आहे. ‘साबर बोंडं’ला पुरस्कार मिळाल्यावर दोनच महिन्यांनी, २७ मार्च २०२५ ला इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की २०२७ पासून महोत्सव कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात भरेल. पार्क सिटी महाग झालं होतं, तिथे राहणं छोट्या सिनेमावाल्यांना परवडेनासं झालं होतं. कोलोरॅडोने दहा वर्षांत मिळून तीन कोटी चाळीस लाख डॉलरची करसवलत देऊ केली. म्हणजे १९७८ मध्ये एका राज्याने ज्या हिशोबाने या महोत्सवाला जन्म दिला, त्याच हिशोबाने दुसऱ्या राज्याने त्याला बोलावून घेतलं. बोल्डरच्या विद्यापीठात पन्नासच्या दशकात रेडफर्ड शिकले होते, तिथल्या ‘द सिंक’ नावाच्या खाणावळीत झाडूपोछाचं काम त्यांनी केलं होतं. पण बोल्डरचा महोत्सव त्यांना पाहायला मिळणार नाही. २०२६ चा जानेवारी हा पार्क सिटीतला शेवटचा, आणि तोही त्यांच्याशिवायच झाला.

या स्थलांतराबद्दल लिहिताना बहुतेकांनी मुख्य रस्ता, ‘इजिप्शियन’ आणि हॉटेलांचे दर यांबद्दल लिहिलं. तालमीने मुक्काम आधीच हलवला होता, इकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. प्रोव्हो खोऱ्यातलं आपलं स्कीचं केंद्र रेडफर्डनी २०२० मध्ये विकलं, आणि २०२४ मध्ये दिग्दर्शकांची तालीम कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क या डोंगरगावी भरली, बोल्डरपासून तासाभराच्या अंतरावर. दत्तक मूल आता पोटच्या मुलाच्या मागोमाग चाललं आहे.

त्या काकांचा पत्ता मी विचारून ठेवला नाही, याची मला चुटपुट आहे. त्यांना सांगायला मला आवडलं असतं की पोस्टरवरच्या त्या शब्दातलं मला सगळ्यांत प्रिय काय असेल, तर ते बक्षीस नाही. जून महिना, पाइनची झाडं, एका खोलीत चार नट, उसना कॅमेरा आणि एक अनोळखी पोरगी, जी स्वतःच लिहिलेला प्रसंग तिसऱ्यांदा मोडून चौथ्यांदा मांडते आहे. त्यातलं एकही दृश्य कधी पडद्यावर येणार नाही, हे तिला पहिल्या दिवशीच सांगितलेलं आहे.